परदेशच्या व्यापारांतील पंच आणि आपण

कज्जा कोर्टांत नेण्यापेक्षां पंचांपुढें ठेवावा, ही चाल आमच्या गांवगाड्याला नवी नाहीं. परदेशाशीं होणाऱ्या व्यापारांतही आज हीच रीत मान्य आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क करारान्वयें एका देशांतील पंचनिवाडा दुसऱ्या देशाच्या न्यायालयामार्फत वसूल करतां येतो. आपल्या देशानें तो करार १९६० सालीं कायम केला. पुष्कळदां पंच तिघे असतात; प्रत्येक पक्ष एकेक नेमतो व तिसरा सरपंच होतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठानें २०१२ सालीं या व्यवहारांतील जाणत्यांना विचारलें, तेव्हां शेंकडा ७६ जणांनीं हीच पद्धत पसंत केली.

परंतु रीत चांगली, म्हणून सौदा निर्धोक होतो असें नाहीं. १९८० सालीं नाफेड या सहकारी संघानें अलिमेंटा या स्विस कंपनीशीं ५,००० टन भुईमूग दाण्याचा सौदा केला. वादळानें पिकाची नासाडी झाली. १,९०० टनच माल रवाना झाला व उरलेला पुढील हंगामांत धाडण्यास सरकारनें परवानगी नाकारली. लंडनच्या तेलबिया व्यापारी संघाच्या पंचांनीं १९८९ सालीं नाफेडविरुद्ध सुमारें ४७ लाख डॉलरांचा निवाडा दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें तो अमान्य केला, पण २०२० सालीं! सरकारनें निर्यात रोखल्यास राहिलेला सौदा रद्द समजावा, असें कलम मूळ करारांतच होतें. त्यानें संघ वांचला, पण चाळीस वर्षांनीं.

या निकालाचा आनंद मानणारे भेटतात. मला तसें वाटत नाहीं. येथें निवाडा वसूल होत नाहीं असें परदेशी व्यापाऱ्याच्या मनानें घेतलें, तर त्या जोखमीची भरपाई तो आमच्या मालाच्या भावांतूनच करील.

मीं पंचवीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली. कागदावर सही करणारे हजारों पाहिले. शेवटचीं कलमें वाचणारे विरळा. द्राक्षें, डाळिंबें वा कांदा परदेशीं धाडणाऱ्या संस्थांच्या सभासदांनीं सौद्यापूर्वींच विचारावें : पंच कोण नेमणार? बैठक कोठें? कायदा कोणत्या देशाचा? आणि सरकारनें निर्यात बंद केल्यास नुकसान कोणाचें? डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद झाली, हें आपण विसरलों नसूं. भावासाठीं जितकी घासाघीस करतों, तिच्या निम्मी तरी या कलमांसाठीं करावी, एवढीच विनंती.