फुकटातली तलवार

मंडळी, आधी एक खुलासा करतो. 'फॅन्टसी गेम' म्हटलं की आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना क्रिकेटचे अकरा खेळाडू निवडून त्यावर पैसे लावायचा तो प्रकार आठवतो. तो वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली आणि मुंबईच्या ड्रीम इलेव्हननेही पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. मी लिहितोय ते दुसऱ्या फॅन्टसीबद्दल. त्यात एक कल्पनेतलं राज्य असतं, राक्षस असतात, मंत्रतंत्र असतो. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं, लहानापासून मोठं व्हायचं, आणि त्याच राज्यात त्याच वेळी जगभरातली माणसं आपापली पात्रं घेऊन हिंडत असतात.

दिवाळीत घरी पोरं जमली की यावर कडाक्याचं भांडण होतं. एक म्हणतो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' थोर, दुसरा म्हणतो 'फायनल फॅन्टसी फोर्टीन'च्या कथेपुढे ते काहीच नाही, आणि सगळ्यांत धाकटा मोबाइलवरून मान वर न काढता सांगतो की 'जेनशिन इम्पॅक्ट' सगळ्यांत सुंदर, सगळ्यांत जास्त लोक तेच खेळतात आणि शिवाय ते फुकट आहे. भांडण तिथेच मिटतं. फुकट आणि गर्दी, यापुढे कोण काय बोलणार? मी तोंड उघडलं तर उत्तर तयार : "लोकायले आवडते म्हणूनच खेळतेत ना, आबाजी. तुम्ही कायले चिडता?"

मी कशाला चिडतो ते सांगण्यासाठी हा लेख.

खेळण्यावर माझा राग नाही. 'रिकामटेकड्यांचे उद्योग' म्हणणारे माझ्या वयाचे पुष्कळ आहेत, त्यांच्या पंगतीत मला बसवू नका. ज्या मुलखात रात्र रात्र दंडार बघायला माणसं घोंगडी घेऊन बसायची, तिथे जन्मलेल्या माणसाने सोंग घेण्याला नावं ठेवू नयेत. दिवसा दुसऱ्याच्या वावरात राबणारा गडी रात्री राजा होऊन उभा राहायचा आणि मालक खाली बसून त्याला बघायचा. ही गंमत फार मोठी आहे, आणि हे खेळ नेमकी तीच गंमत देतात. मी स्वतः 'ओल्ड स्कूल रूनस्केप' नावाच्या खेळात एक पात्र केलंय. सुरुवातीला लाकडं तोडायची, जाळ करायचा, कोळंबी पकडून भाजायची. ती निम्म्या वेळा करपते! पोरं याला 'ग्राइंड' म्हणतात, म्हणजे दळण. दळणच आहे ते. पण चार संध्याकाळी दळल्यावर हातात जे हत्यार येतं ते माझं असतं.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. कोणता खेळ चांगला हे पोरं चित्रांवरून ठरवतात, संगीतावरून ठरवतात, किती लोक खेळतात यावरून ठरवतात. मी म्हणतो, एकच गोष्ट बघा : कंपनीचं पोट कशावर भरतं? बाकी सगळं त्यातून ठरतं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये आलं. त्याची रीत वाचनालयासारखी, महिन्याची वर्गणी भरा आणि खेळा. अमेरिकेत ती १५ डॉलर. ऑक्टोबर २०१० मध्ये असे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. राजाचा मुलगा असो की हमालाचा, वर्गणी तेवढीच, आणि तलवार मिळायची तर दोघांनाही त्याच गुहेत त्याच राक्षसाशी झुंजावं लागे. फायनल फॅन्टसीही वर्गणीवर. 'गिल्ड वॉर्स' २००५ मध्ये आलं ते पुस्तकासारखं, एकदा विकत घ्या, पुढे महिन्याचं देणं नाही.

जेनशिन सप्टेंबर २०२० मध्ये आलं. शांघायच्या कंपनीचं. (त्यात बहुतेक वेळ एकट्यानेच हिंडायचं, फार तर चौघांनी मिळून, त्यामुळे ते या पंगतीतलं आहे का असा वाद आहे, पण पोरं तुलना करतात म्हणून मीही करतो.) चित्रं खरोखर देखणी, डोंगर बघत बसावेत असे. प्रवेश फुकट. मग पैसा कुठून येतो? सोडतीतून. नवीन पात्र हवं असेल तर सोडत ओढायची. या पद्धतीला 'गाचा' म्हणतात; जपानमध्ये नाणं टाकून कान पिळला की खेळण्याची डबी पडते ती यंत्रं असतात, त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडे शाळेजवळच्या दुकानात चिठ्ठ्या चिकटवलेला पुठ्ठा टांगलेला असायचा. दहा पैसे द्यायचे, एक चिठ्ठी फाडायची, नशिबात असेल तर शिट्टी, नाहीतर गोळी. मधल्या सुट्टीत त्या दुकानातून मी किती पोरांना कानाला धरून आणलंय!

आता गणित करू. सर्वांत वरच्या दर्जाचं पात्र एका ओढीत निघण्याची शक्यता कंपनीनेच छापली आहे : ०.६ टक्के. हजारात सहा. नव्वदाव्या ओढीपर्यंत एक नक्की मिळेल अशी हमी आहे, ती धरूनही सरासरी १.६ टक्के पडते. पण मिळेल ते आपल्याला हवं तेच असेल असं नाही. दुसरंच निघालं तर पुन्हा नव्वदपर्यंत ओढत जायचं. म्हणजे नशीब अगदीच फुटकं असेल तर १८० ओढी. एका ओढीला १६० रत्नं लागतात, एकूण २८,८००. रत्नांचा सर्वांत मोठा गठ्ठा १०० डॉलरला मिळतो आणि त्यात ८,०८० रत्नं असतात (पहिल्या खेपेला जास्त देतात, चव लागावी म्हणून). भागाकार करा. एका पात्रासाठी साडेतीनशे डॉलरच्या वर! तेवढ्यात वॉरक्राफ्टची जवळजवळ दोन वर्षांची वर्गणी होते. कोणी म्हणेल, खेळून रत्नं फुकटही मिळतात. मिळतात, रोज थोडी थोडी. म्हणूनच रोज यावं लागतं.

"पण लोकांना हेच आवडतं!" या वाक्याने माझं पित्त खवळतं. लोकांना विचारलं कोणी? जिथे जिथे खरंच विचारलं, तिथे काय उत्तर आलं ते बघा.

रूनस्केप हा गोवर बंधूंनी २००१ मध्ये काढलेला खेळ. २०१२ च्या शेवटी कंपनीने त्यातली लढाईची पद्धतच बदलली, जास्त चकचकीत केली. जुने खेळाडू वैतागून निघून गेले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक जुनी प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करायची का यावर मतदान घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि २०१३ मध्ये तो जुना, ओबडधोबड, दळणाचा खेळ परत आला. मी खेळतो तो हाच. त्यात आजही नवीन काही आणायचं तर खेळाडूंचा कौल घेतात. आधी ७५ टक्के मतं लागायची, आता ७० लागतात. आमच्या ग्रामसभेला कोरमही जमत नाही, ही तुलना मनात येतेच, पण असो.

वॉरक्राफ्टवाल्यांचंही तेच. खेळाडू म्हणत होते, आम्हाला २००४ चा जुना खेळ द्या. कंपनीचा माणूस २०१३ मध्ये भर सभेत म्हणाला, तुम्हाला तसं वाटतं, पण खरं तर तुम्हाला तो नको आहे. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये द्यावाच लागला. त्यात चाळिसाव्या पातळीपर्यंत घोडा मिळत नाही, सगळं पायी! तरी पहिल्या दिवशी आत शिरायला तासन् तास ताटकळले लोक. आत गेल्यावर एकेका राक्षसाला मारायला पात्रांच्या रांगा लागल्या, अगदी रेशन दुकानासारख्या. त्याची चित्रं नातवाने दाखवली तेव्हा मला भरून आलं. ज्याचा नंबर त्याने मारायचा, मग मागच्याने.

आणि फायनल फॅन्टसी फोर्टीन. २०१० मध्ये आलं तेव्हा सपशेल पडलं. कंपनीने माफी मागितली, २०१२ मध्ये बंद केलं, पुन्हा घडवलं आणि २०१३ मध्ये परत आणलं. डिसेंबर २०२१ मध्ये इतकी गर्दी झाली की वर्गणी भरलेल्यांनाच आत जागा मिळेना. तेव्हा त्यांनी काय केलं असेल? विक्री थांबवली! जानेवारीअखेरपर्यंत नवीन गिऱ्हाईक घेतलं नाही, आणि असलेल्या वर्गणीदारांना वाया गेलेले दिवस भरून दिले. वर्गणीवर पोट असलं की जुन्या गिऱ्हाइकाला जपावं लागतं, म्हणून हे घडतं. दुकानदार साधू आहे असं मी म्हणत नाही.

साधू कोणीच नाही, हेही लिहून टाकतो, नाहीतर थोरला नातू लगेच फोन करेल. वॉरक्राफ्टने २०१० मध्ये २५ डॉलरला एक चमचमता घोडा विकला आणि तो घ्यायलाही झुंबड उडाली. २०१५ पासून पैसे देऊन खेळातलं सोनं घ्यायची सोयही त्यांनी केली आहे, आणि माझ्या लाडक्या रूनस्केपनेही. ही वाळवी तिथेही लागली आहे. पण घराला वाळवी लागणं आणि वाळवीचंच घर बांधणं यात फरक आहे ना?

आमच्या केळझरला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. टेकडीवरच्या गणपतीला येणाऱ्या कोणालाही विचारा, बकासुराची गोष्ट सांगेल. शाळेत मी ती वर्षानुवर्षं सांगितली. भीमाने त्याला मारला हे पोरांना आवडायचं. मला मात्र त्याआधीचा भाग जास्त भयंकर वाटतो. गावाने बकासुराशी करार केला होता. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. पाळी ठरलेली. एका घराची पाळी कित्येक वर्षांनी यायची, त्यामुळे बाकीचे सुखात होते! बकासुर गावाचं रक्षण करतो असंही मानत. त्या गावात कौल घेतला असता तर व्यवस्था चालू ठेवा असंच निघालं असतं, कारण आज ज्याच्या घरी गाडा भरतोय त्याचं मत एकच.

'फुकट' खेळ असाच चालतो. बहुसंख्य लोक दमडी देत नाहीत आणि खूश असतात. थोडे लोक भरमसाट देतात, त्यांच्यावर सगळ्यांचं चालतं. या थोड्यांना धंद्यातली माणसं 'व्हेल' म्हणतात, देवमासा. गिऱ्हाइकाला शिकारीचं नाव! आमच्या नात्यातल्या एका मुलाने एका खेळात (नाव लिहीत नाही) ८९ रुपयांची खरेदी पाच महिन्यांत ७० वेळा केली. ६,२३० रुपये. त्याच्या आईची परवानगी घेऊन लिहितोय. एकदम सहा हजार मागितले असते तर त्याने स्वतःच दिले नसते. त्याला हवं होतं ते पात्र शेवटी निघालं, आणि पुढच्या महिन्यात त्याहून भारी पात्र आलं.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. धाकटा म्हणतो, तुमचे वर्गणीचे खेळ डॉलरवाल्यांसाठी. पंधरा डॉलर म्हणजे तेराशे रुपयांच्या वर, शिवाय भारी कॉम्प्युटर हवा, आणि वॉरक्राफ्टचा सर्व्हरही भारतात नाही, बाण सोडला की तो समुद्रापार जाऊन यायचा. खरं आहे. रॅग्नारोक ऑनलाइन या कोरियन खेळाची भारतासाठी वेगळी आवृत्ती २००० च्या दशकात निघाली होती, तीही बंद पडली. आपल्या पोरांच्या हाती मोबाइल आहे आणि मोबाइलवर फुकटाचाच बाजार. पण मग ही 'आवड' कशी म्हणायची? गावात एकच दुकान असेल तर तिथली गर्दी म्हणजे पसंती नव्हे.

आणि कायदा? २०२५ च्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे मिळवण्यावर. सोडतीत पैसा परत मिळतच नाही, फक्त जातो, म्हणून हे खेळ बिनघोर चालू आहेत. म्हणजे जिंकायची थोडी तरी आशा होती तो जुगार बंद आणि ज्यात परत काहीच येत नाही ती करमणूक! जपानने या सोडतीतला एक फार वाईट प्रकार २०१२ मध्येच बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८ मध्ये काही खेळांतल्या अशा पेट्या जुगारात धरल्या. जेनशिनच्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय खरेदी करू देणार नाही असं कबूल केलं. अमेरिकेतल्या मुलांना. सेलू तालुक्यातल्या मुलाला ही अट का नको, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि आपल्या खासदारांपैकी कोणी तो विचारलेला मी अजून वाचलेला नाही.

मग पोरांना कोणता खेळ घेऊन द्यावा, असं भाचेसुनेने विचारलंय. घरी चांगला कॉम्प्युटर असेल तर गिल्ड वॉर्स, एकदा पैसे देऊन मोकळं व्हा. नसेल तर ओल्ड स्कूल रूनस्केप. २०१८ पासून ते मोबाइलवर चालतं आणि त्याचा बराच भाग वर्गणी न भरता खेळता येतो. चित्रं मातीच्या बैलांसारखी आहेत, पोरगं आधी नाक मुरडेल. आणि त्याने जेनशिनचाच हट्ट धरला तर खेळू द्या, डोंगर बघू द्या, पण फोनमधलं पैशाचं ॲप आधी काढून टाका. मला तिथे कोणी भेटायला येणार असेल तर मी संध्याकाळी सातनंतर नदीकाठी कोळंबी पकडत असतो.