आधी स्वबल, मग मित्रबल

व्याधिक्षमत्व ही संकल्पना वैद्यांस नव्याने सांगावयास नको. हेतू समान असूनही एकास व्याधी होतो व दुसऱ्यास होत नाही, याचे कारण ज्याच्या त्याच्या बलात असते. राष्ट्रांच्या सामूहिक संरक्षणासही हाच नियम लागू पडतो, असे आमचे मत आहे.

1949 च्या उत्तर अटलांटिक कराराचे पाचवे कलम सर्वपरिचित आहे : एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानावयाचा. त्याआधीचे तिसरे कलम मात्र दुर्लक्षित राहते. प्रत्येक सदस्याने स्वप्रयत्नाने आणि परस्परसाहाय्याने प्रतिकाराची क्षमता राखावी व वाढवावी, असे ते सांगते. 2016 मध्ये वॉर्सा येथे नाटोने या क्षमतेच्या सात मूलभूत अपेक्षा ठरविल्या : शासनाचे सातत्य, ऊर्जा, लोकांच्या अनियंत्रित स्थलांतराची हाताळणी, अन्न व पाणी, मोठ्या संख्येतील जखमींवर उपचार, संदेशवहन आणि वाहतूक. यांत शस्त्रास्त्रांचा उल्लेखही नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

फिनलंड व स्वीडन या शेजाऱ्यांची तुलना येथे बोधप्रद ठरते. शीतयुद्धानंतर स्वीडनने आपली नागरी संरक्षणव्यवस्था बव्हंशी मोडीत काढली. तिचे नियोजन 2015 मध्ये पुन्हा हाती घ्यावे लागले. फिनलंडने ती सोडली नाही. सुमारे 56 लक्ष लोकसंख्येच्या या देशात 48 लक्ष लोकांना सामावणारी आश्रयस्थाने आहेत. तेथील 2008 च्या कायद्याने औषधांचे उत्पादक व आयातदार यांच्यावर ठरावीक औषधांचा 3, 6 किंवा 10 महिने पुरेल इतका साठा राखण्याचे बंधन घातले. 2023 मध्ये फिनलंड नाटोत आला तो हे स्वबल घेऊनच. दुर्बल सदस्य संकटकाळी मित्रांचे बल खर्ची घालतो. सिद्ध सदस्य त्यात भर घालतो.

जून 2025 मध्ये हेग येथे नाटो सदस्यांनी 2035 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 5 टक्के खर्चाचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यांपैकी 1.5 टक्क्यांपर्यंतचा भाग पायाभूत सुविधा, नागरी सिद्धता आदींसाठी आहे. यात एक धोका संभवतो. पूर्वीच योजलेले रस्ते व पूल या सदरात दाखवून आकडा पुरा करता येईल, आणि रुग्णालये व औषधसाठे जसेच्या तसे राहतील. ही केवळ हिशेबाची पूर्ती होय, बलवर्धन नव्हे.

भारत या कराराचा सदस्य नाही. तथापि हे तत्त्व आपणांस परके नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात, भगवान आत्रेय शिष्यांस हेच बजावतात : विध्वंसापूर्वीच, औषधींचे रस-वीर्य नष्ट होण्याआधी, त्यांचा संग्रह करा. आज आपल्या नित्य वापरातील हिंग व ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येतात. सीमा बंद झाल्या, तर आपल्या चिकित्सालयांत ती किती दिवस पुरतील?

हा प्रश्न शासनावर सोपवून चालणार नाही. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या भागातील औषधी द्रव्यांचा साठा, त्यांचे स्रोत व पर्यायी द्रव्ये यांची नोंद करावी, अशी आमची वैद्यबंधुभगिनींना आग्रहाची विनंती आहे. संकट आल्यावर केलेला संग्रह हा संग्रह नव्हे, ती केवळ धावाधाव असते.