वीरगळ, पाटी आणि माणगावचा पुतळा

मुंबई-गोवा महामार्गावर पेण तालुक्यातील कासू सोडून दक्षिणेकडे नागोठणे व कोलाड ओलांडले की पुढे माणगाव लागते, आणि तेथील तहसील कार्यालयापाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा उभा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातील शौर्याचे सर्वोच्च पदक मरणोत्तर मिळवणारे घाडगे याच तालुक्यातील पळसगावचे. त्यांचे थडगे कोठेच नाही. इटलीतील कॅसिनो येथे, समाधी न लाभलेल्या चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे ज्या स्मारकावर कोरलेली आहेत, तेथे त्यांचेही नाव आहे. ज्याचा देह परतला नाही त्याच्या बाबतीत पुतळा ही शोभेची वस्तू राहत नाही. मातीवर फूल ठेवायचे म्हटले तर त्याच्या मुलखात तेवढी एकच जागा उरते.

म्हणूनच त्या जागेने काय सांगावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला, तेव्हा घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे मोजक्या जवानांच्या तुकडीचे, नायक होते. अगदी जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्वजण ठार वा जखमी झाले. ते एकटेच त्या मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी मशिनगन व ती चालवणारा यांना निकामी केले, दुसऱ्यास टॉमीगनने टिपले आणि गोळ्यांचे मॅगझिन बदलण्यास उसंत नाही हे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. पुढच्याच क्षणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या त्या जागीच, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांना मृत्यू आला.

असा पराक्रम दगडात सांगण्याची रीत महाराष्ट्राला शतकानुशतके ठाऊक होती. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा, कप्प्याकप्प्यांनी खालून वर वाचावयाची असते: तळाशी लढाई किंवा वीराचा देह, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्याशी चंद्रसूर्य. गुरे वाचवताना पडलेल्याच्या शिळेवर गुरे दिसतात, तर बोरिवलीजवळच्या एक्सरच्या शिळांवर वल्ह्यांच्या नौकांची सबंध लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर नाव मात्र नसते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव बसवलेल्या पाट्यांवर किती माणसे युद्धास गेली आणि किती कामी आली एवढे आकडेच आले, नाव नाही आणि कृतीही नाही. आणि आजचा पुतळा नाव देतो, चेहरा देतो, पण तो माणूस नेमके काय करताना पडला हे एकट्या चेहऱ्याने कळत नाही. या तिन्हींत वीरगळाची भाषाच अधिक समर्थ आहे, कारण अक्षरशत्रू माणसालाही ती घडलेली गोष्ट वाचून दाखवते.

घाडगे परक्या सत्तेच्या सैन्यात लढले, त्या वेळी देशाचे अनेक नेते तुरुंगात होते, आणि हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि साम्राज्याची धोरणे ठरवणारे वेगळे होते आणि सोबती पडल्यावर एकट्याने पुढे गेलेला पळसगावचा तरुण वेगळा. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक मरण पावले. त्या मोहिमेतील २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांना मिळाले. मोंतोने या इटालियन गावाने २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभारले, आणि आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो या अर्थाचे वचन त्यावर कोरले. परक्या गावाने मराठी शिपायाच्या मृत्यूचा इतका नेमका अर्थ लावावा, हे हृदयाला भिडणारे आहे.

माणगावच्या पुतळ्यालाही अशाच विचाराची जोड मिळावी. चौथऱ्याच्या चार बाजूंना उठावशिल्पे, म्हणजे सपाट पृष्ठभागातून पुढे आलेल्या आकृती, बसवून पळसगावचे शेत, टायबरचे खोरे, मशिनगनवरची झेप आणि कॅसिनोच्या स्मारकावरील नाव अशी वीरगळाच्या क्रमाने ती मांडता येतील. त्यासाठी लागणारा हात दूर शोधावा लागणार नाही. पेण व हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूला आकार देणाऱ्या कारागिरांकडून मातीचे नमुने करून घेऊन ते ब्राँझमध्ये ओतवून घेणे शक्य आहे. त्याचबरोबर गावोगावच्या पाट्यांवरील आकड्यांमागची माणसेही शोधावीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अनेक भारतीय शिपायांची नावे वडिलांच्या नावासह व गावासह मिळतात. शाळांनी व ग्रामपंचायतींनी त्या ताडून पाहिल्या, तर ती नावे पाटीशेजारी मराठीत लावता येतील.