लेखणी आणि पोटापाण्याचा उद्योग

मुलगा कविता करूं लागला कीं अभ्यासांतून गेला, अशी समजूत पुष्कळ पालकांची असते. ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चिंचोळीच्या कारखान्यांत रात्रपाळी करून घर चालविणाऱ्या बापाला, मुलाच्या हातीं आधीं पोट भरणारी विद्या यावी असें वाटल्यास त्यांत वावगें तें काय? तथापि या काळजीपोटीं 'लेखन किंवा रोजगार, दोहोंपैकीं एक' असा जो निवाडा घरोघर दिला जातो, तो आमच्या मतें चुकीचा आहे. आणि त्याची साक्ष आपल्याच जिल्ह्यांतील लेखकांचीं चरित्रें देतात.

सांगोला तालुक्यांतील नाझरे गांवचे श्रीधरस्वामी (१६५८–१७२९) घ्या. 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांसारखे त्यांचे ओवीबद्ध ग्रंथ गांवोगांव पोंचले. एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें. पुढें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापुरांत राम जोशी उदयास आले. घराणें वैदिकाचें, वडील बंधु मुद्गल पुराण सांगणारे; धाकटा मात्र लावणी आणि डफ यांकडे वळला. घर सुटलें, परंतु विद्या सुटली नाहीं. संस्कृताचा व्यासंग आणि फडांतली लावणी हीं दोन्ही त्यांच्या रचनेंत एकत्र नांदलीं.

बार्शीस १९१६ सालीं गरीब मुसलमान कुटुंबांत जन्मलेले मेहबूब पटेल पुढें शाहीर अमर शेख म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक झाले. मोटारीवर क्लीनर, गिरणींत कामगार, अशीं कामें त्यांनीं केलीं. आणि त्यांच्याच पहाडी आवाजानें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत मैदानें दुमदुमलीं. अक्कलकोटला १९१९ सालीं जन्मलेले त्र्यं. वि. सरदेशमुख यांची वाट याहून निराळी. त्यांनीं अध्यापनांत आयुष्य वेंचलें. त्यांच्या 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला साहित्य अकादमीचा २००३ सालचा पुरस्कार मिळाला, तेव्हां त्यांनीं वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडलीं होतीं. लक्ष्मीनारायण बोल्ली यांची मातृभाषा तेलुगु, घराणें विणकराचें. त्यांनीं मराठींत कविता लिहिल्या आणि आपल्या आत्मचरित्राला नांव दिलें 'एका साळियाने'.

या पांच चरित्रांत समान असें काय आहे? जात नाहीं, धर्म नाहीं, शिक्षण नाहीं, उद्योगही नाहीं. समान एकच: आपल्या कानांवर पडलेली भाषा यांपैकीं कोणींही वायां जाऊं दिली नाहीं; मग ती पोथी ऐकणाऱ्यांची असो, फडाची असो, गिरणीची असो, संस्थानी गांवाची असो वा मागावरची असो. अमर शेख किंवा बोल्ली यांच्या बाबतींत तर श्रमानें लेखन अडविलें नाहीं. उलट त्याला विषय पुरविला.

कोणी म्हणेल, हे थोर पुरुष झाले. आमच्या मुलाचें काय? बहुतेक मुलें ग्रंथकार होणार नाहींत, हें खरें. लेखनावर संसार चालेल असा भरंवसा आम्हीही देऊं शकत नाहीं; म्हणून अभ्यास सोडून कविता करा, असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. परंतु ज्याला आपल्या घरची हकीकत चार सरळ वाक्यांत मांडतां येते, त्याला अर्ज लिहितांना, अन्याय सांगतांना, दुसऱ्याचें दुःख समजून घेतांना ती शक्ति जन्मभर उपयोगीं पडते. ही पोटापाण्याच्या विद्येची वैरीण नव्हे, सोबतीण आहे.

शिवाय आणखी एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. सोलापूरच्या जुन्या मोठ्या कापड-गिरण्यांचे भोंगे आतां बंद झाले. त्या गिरण्यांत राबलेल्या हजारोंपैकीं कितींची गोष्ट कागदावर उतरली? चिंचोळीची औद्योगिक वसाहत आज गजबजलेली आहे. तिची हकीकत लिहावयाची तर ती आजच, आणि तेथें घाम गाळणाऱ्यांच्या मुलांनींच लिहिली पाहिजे. बाहेरचा लेखक येऊन ती लिहील, याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

पालकहो, आठवड्यांतून एक संध्याकाळ मुलांना आपल्या कामाची गोष्ट सांगा. घरीं कन्नड, तेलुगु, उर्दू, जी भाषा बोलत असाल तींत सांगा. विद्यार्थिमित्रांनो, ती ऐका आणि मराठींत लिहून काढा. ती वही परीक्षेच्या पुस्तकांखालीं लपवावी लागूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.