एका अक्षराची चूक

मुलाच्या मेंदूत नेमके काय वेगळे घडले, हा प्रश्न स्वमग्न बालकाच्या आईवडिलांना दिवसरात्र छळतो. परंतु तपासणीसाठी जिवंत मेंदूचा तुकडा काढता येत नाही. कित्येक वर्षे संशोधन येथेच अडून राहिले होते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रिकार्डो डॉल्मेच पेशींमधील कॅल्शियमच्या हालचालींचा अभ्यास करीत. त्यांच्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाले आणि त्यांनी आपल्या प्रयोगशाळेचा रोख तिकडे वळविला. चालती पेढी सोडून नवा व्यापार मांडण्यासारखेच हे धाडस.

काळही अनुकूल होता. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतील पेशी चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींच्या अवस्थेत परत नेल्या. त्यासाठी मानवी भ्रूण नष्ट करावा लागत नाही. आपल्या घरांत या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

डॉल्मेच आणि मूळचे रुमानियाचे सर्जिउ पाश्का यांनी टिमोथी सिंड्रोम हा अतिदुर्मीळ विकार निवडला. त्यात हृदयाची लय बिघडते, बोटे जुळलेली असतात आणि अनेक मुलांत स्वमग्नताही आढळते. कारण मात्र एकच : कॅल्शियमची वाट सांभाळणाऱ्या जनुकात एका अक्षराची चूक. स्वमग्नतेत एरवी शेकडो जनुकांचा संबंध येतो. सगळ्या वह्या एकदम उघडण्याऐवजी एकच चूक असलेली वही आधी तपासावी, हा जुन्या मुनिमाचाच शहाणपणा.

रुग्णांच्या त्वचेपासून मूलपेशींच्या मालिका तयार झाल्या आणि त्यांतून चेतापेशी घडविल्या गेल्या. या मालिका गोठवून वर्षानुवर्षे राखता येतात. त्यांत त्या रुग्णाचा वारसा, चुकीसकट, जसाच्या तसा उतरतो. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या चेतापेशींत कॅल्शियमचा प्रवाह बिघडलेला होता आणि डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन ही रसायने प्रमाणाबाहेर तयार होत होती. एका रसायनाने हा दुसरा दोष काचपात्रात कमीही झाला.

डॉल्मेच पुढे औषधनिर्मितीच्या क्षेत्रात गेले. पाश्कांनी काम सोडले नाही. २०२४ साली त्यांच्या गटाने जनुकाचा सदोष भाग वगळून पर्यायी भाग वापरावयास लावणारे एक औषधी द्रव्य मांडले. उंदरांच्या मेंदूत रुजविलेल्या रुग्णांच्या चेतापेशींची वाढ त्याने सुधारली. मुक्या प्राण्यांवरील प्रयोगाचा सल येथे उरतोच. त्या अभ्यासात एकाही मुलाला ते द्रव्य दिले गेले नव्हते.