पंप उतरवायची घाई करू नका



रब्बीच्या पेरण्या तोंडावर आल्या आणि जुने ट्रॅक्टर रुसायला लागले. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते, पांढरा धूर निघतो, रोटाव्हेटर जमिनीत घातला की दम जातो. मग शेजारचा कुणीतरी सांगतो, "टायमिंग गेलंय, पंप उतरवा."

माझं मत सरळ आहे. ज्या पंपाला कुणी पाना लावलेला नाही, त्याचं टायमिंग एका रात्रीत बदलत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. हरभऱ्याचा वाफसा आलेला आणि ट्रॅक्टर लोडवर बंद पडायला लागला. मिस्त्रीने पंप उतरवून तालुक्याला बेंचवर पाठवला. पाच दिवस गेले, वाफसा गेला. पंप परत आला, बसवला, तरी ट्रॅक्टर बंद पडायचा तो पडायचाच. वर आता इंजिन टणटण ठोकायला लागलं, कारण उतरवताना खूण केली नव्हती आणि बसवताना अंदाजाने बसवला. शेवटी काय निघालं? फिल्टरच्या बोल्टखालचं तांब्याचं वायसर हवा ओढत होतं. म्हणजे चांगलं टायमिंग आम्हीच बिघडवलं होतं.

टायमिंग म्हणजे काय ते थोडक्यात. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या जरा आधी नोझलने डिझेल फवारायला पाहिजे. किती अंश आधी, ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तकात दिलेलं असतं, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्याला चालत नाही. फवारा लवकर झाला तर कोरडा ठोका येतो, चालू करताना इंजिन उलटा झटका देतं. उशिरा झाला तर पांढरट धूर, ताकद कमी, सायलेन्सर जास्त तापतो, डिझेल जास्त जातं.

घोळ इथेच आहे. उशिरा टायमिंगची हीच लक्षणं नोझल गळत असेल तरी दिसतात, कॉम्प्रेशन कमी असेल तरी दिसतात. थंडीत चालू केल्यावर दोन-चार मिनिटं पांढरा धूर आला तर तो आजारच नाही. धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, त्याचा टायमिंगशी संबंध नाही.

म्हणून आधी टाकीपासून सुरू करा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का? फिल्टरच्या तळाला पाणी आहे का? मग फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. त्यानंतर पंपाचा स्क्रू. दुसऱ्या दिवशी परत फेस आला तर हवा कुठून तरी आत येतेच आहे, ती जागा शोधा. पुढे नोझल. स्लोवर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करा, फडकं धरून आणि तोंड लांब ठेवून. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट मात्र कधीही धरू नका. 200 बारच्या आसपासचा दाब असतो, डिझेल कातडी फोडून आत जातं. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी त्याच तासात दवाखाना गाठा.

टायमिंग खरोखर कधी हलतं? पंपाचे फ्लँज बोल्ट ढिले झाले, गिअरची चावी झिजली, किंवा इंजिन खोललं तेव्हा टायमिंग गिअरचे दात चुकीचे बसले. पंप झिजूनही थोडा फरक पडतो, पण तो हळूहळू, काही हंगामांत.

पंप उतरवायचाच असेल तर बोल्टला हात लावण्याआधी फ्लँज आणि इंजिन दोन्हीवर मिळून छिन्नीने एक रेघ मारून घ्या. मोबाइलवर फोटो काढा. बोल्टची भोकं लांबट असतात, पंप थोडासा फिरला तरी अंश बदलतात. गिअर निघणार असेल तर दातांवरही खूण हवी, नुसती फ्लँजची रेघ पुरत नाही. बसवल्यावर मिस्त्रीला म्हणा, "दादा, फ्लायव्हीलच्या खुणेवर माझ्यासमोर तपासून दाखवा." उभ्या रांगेच्या पंपाला आणि गोल रोटरी पंपाला तपासायची रीत वेगळी असते, हेही त्यांना विचारा. चांगला मिस्त्री रागावत नाही. रागावला तर तुमचं तुम्ही ठरवा.

ज्यांच्या ट्रॅक्टरला सध्या त्रास आहे त्यांनी पंपाला हात लावण्याआधी याच नंबरवर दोन गोष्टी पाठवा: सकाळी थंड इंजिन चालू करतानाचा धुराचा व्हिडिओ, आवाजासकट, आणि पंपाच्या फ्लँजचा जवळून फोटो.