आधी कंप्रेसर घ्या!

मराठी माणसाला छंद लागत नाही. त्याला छंदाची पूर्वतयारी लागते. पेटी शिकायची म्हटलं की आधी पेटीला खोळ शिवायची. पहाटे फिरायला जायचं ठरलं की आधी बूट, मग बुटांना शोभतील असे मोजे, मग गळ्यात अडकवायची पाण्याची बाटली, आणि एवढं सगळं जमेपर्यंत पावसाळा लागतो. हा रोग जुना आहे, घरगुती आहे, त्याने कोणी दगावत नाही. तेव्हा केवळ त्यासाठी मी लेखणी उचलली नसती. पण अलीकडे तो एका अत्यंत निरुपद्रवी छंदाला जडला आहे, आणि जडवणारी मंडळी स्वतःला त्या छंदाची राखणदार म्हणवतात. म्हणून हा संताप.

छंद म्हणजे प्लास्टिकची छोटी विमानं, रणगाडे, जहाजं जोडण्याचा. दुकानातून एक खोकं आणायचं. (पुठ्ठ्याचं. हल्ली हा खुलासा करावा लागतो.) आत चौकटींना लटकलेले सुटे भाग असतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, वर चिन्हं डकवायची. झालं विमान. खोक्यावर १/७२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याने घाबरायचं कारण नाही. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हा सहा फुटी वैमानिक या मापात बरोब्बर एक इंचाचा होतो. आमच्या व्याजाच्या हिशेबापेक्षा हे फारच सोपं आहे.

आमच्या शाखेतल्या एका तरुण कॅशियरला हा छंद करावासा वाटला. कारणही चांगलं होतं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यातूनच आपलं नॅट विमान घेऊन उडालेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांची गोष्ट त्याने लहानपणी वडिलांकडून ऐकली होती. भारतीय हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. तर तसलं एक नॅट आपण स्वतःच्या हातांनी करावं आणि वडिलांच्या टेबलावर ठेवावं, एवढीच त्याची इच्छा. नॅट विमान मुळातच चिमुकलं. पंखांचा पसारा २२ फुटांच्या आसपास, म्हणजे १/७२ मध्ये साडेनऊ सेंटिमीटरही भरत नाही. तळहातावर मावतं. सुरुवातीला याहून चांगलं काय हवं?

पण तो भला मुलगा. आधी जाणकाराला विचारावं असं त्याला वाटलं. जाणकार भेटले. संवाद मी ऐकला तो असा :

"सर, किट कोणतं घेऊ?"

"किटचं नंतर बघू. कंप्रेसर कोणता घेताय?"

"विमानाला कंप्रेसर लागतो?"

"विमानाला नाही हो, एअरब्रशला. तुम्ही काय ब्रशने रंगवणार होतात की काय?"

आमचे मॅनेजरसाहेब 'विनातारण' हा शब्द ज्या स्वरात उच्चारतात, त्या स्वरात त्यांनी 'ब्रशने' हा शब्द उच्चारला. मुलगा वरमला. मग यादी सुरू झाली. कंप्रेसर घ्याल तो टाकीवाला घ्या, नाहीतर हवा झटके देते. हवेतलं पाणी अडवायला ट्रॅप हवाच. फवारा घरभर उडू नये म्हणून पंख्याचं खोपटं. खोक्यातली खुर्ची बघवत नाही, तिच्या जागी रेझिनची. पट्टे-बकलांसाठी कोरीव पितळी पत्रा. खोक्यातली चिन्हं टाकून द्या, परदेशातून मागवा. आणि हे सगळं येईपर्यंत तीन पुस्तकं वाचा.

आज्ञाधारक माणसाचं वाटोळं व्हायला दोन वर्षं पुरतात. दोन वर्षांनी त्या मुलाकडे कंप्रेसर होता, ट्रॅप होता, खोपटं होतं, पितळी पत्रा होता, आणि नॅटसकट अकरा खोकी न उघडलेली होती. या छंदात अशा ढिगाला 'स्टॅश' असा ऐटबाज शब्द आहे आणि लोक तो अभिमानाने सांगतात. आमच्या बँकेत पैसा गुंतून पडला आणि त्यातून काही निघेना, की आम्ही त्याला एन.पी.ए. म्हणतो आणि वरून खरमरीत पत्र येतं. पुढे त्याने कंप्रेसर विकला. घेणारा दुसरा नवखाच होता.

आता ही जाणकार मंडळी एवढं सगळं कशासाठी सांगतात? तर अचूकतेसाठी. यांच्यातल्या कडव्या पंथाला 'रिव्हेट काउंटर' म्हणतात. आम्ही काउंटरच्या आत बसून नोटा मोजतो, हे खोक्याच्या बाहेर उभं राहून रिव्हेट मोजतात. फरक एवढाच, की आमची मोजणी चुकली तर भरपाई आम्हाला करावी लागते.

पण मोजायचंच असेल तर नीट मोजू. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, गुणाकार-भागाकार येतो. खऱ्या विमानावरच्या रिव्हेटचं डोकं पाच मिलिमीटरचं धरा. त्याला ७२ ने भागलं की ०.०७ मिलिमीटर उरतात. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाची जाडी; ज्यांना केस आहेत त्यांनी ताडून पाहावं. ही वस्तू हातभर अंतरावरून दिसत नाही. उलट, किटवर पत्र्यांचे जोड दाखवायला ज्या बारीक रेघा कोरलेल्या असतात, ती एक रेघ ०.२ मिलिमीटर रुंद धरली तरी ७२ ने गुणल्यावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट होते. अशा फटी असलेल्या विमानात वैमानिकाने बसावं म्हणजे धाडसच. प्लास्टिकची भिंत एक मिलिमीटर जाड असते, तिला ७२ ने गुणा. सात सेंटिमीटरहून जाड पत्रा! हे विमान झालं की आमच्या स्ट्राँगरूमचा दरवाजा? सांगायचा मुद्दा, एवढ्याशा मापात विमान अचूक होऊच शकत नाही. ते विमानासारखं दिसतं, बस्स. आणि सारखेपणाच आणायचा असेल तर तो ब्रशनेही आणता येतो.

बरं, ज्या मापांची ही मंडळी पोथीसारखी पूजा करतात, त्या मापांचा इतिहास तरी किती सोवळा आहे? रणगाड्यांचं जगमान्य माप १/३५. पस्तीसच का? चाळीस नाही, तीस नाही? तर जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्या बेताने रणगाड्याचा आकार ठरवला, आणि मग मोजून पाहिलं तर माप पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. म्हणजे बॅटरीच्या सेलने ठरवलेलं हे शास्त्र.

आणि एअरफिक्स? ज्या नावाने निम्म्या जगाने हा छंद सुरू केला, ती कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने इंग्लंडमध्ये काढली ती हवा भरायच्या खेळण्यांसाठी. पुढे तिने कंगवे केले. हो, कंगवे. १९५२ साली तिने 'गोल्डन हाइंड' या जहाजाचं छोटं किट काढलं, ते वूलवर्थच्या दुकानांत साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून दोन शिलिंगांना विकलं जायचं. शाळकरी पोरं ते विकत घेत, घरी जाऊन जोडत, बोटांना डिंक लावून घेत, आणि दुसऱ्या दिवशी मित्राला दाखवत. छंद वाढला तो असा, दोन शिलिंगांच्या पिशवीतून. त्या पोरांना कोणी दारात अडवून कंप्रेसर विचारला असता, तर आज रिव्हेट मोजायला एकही विमान शिल्लक नसतं.

लांब कशाला जायचं? दिवाळीचा किल्ला घ्या. आठ-नऊ वर्षांची पोरं दोन पोती, चार विटा आणि बादलीभर माती यांवर प्रतापगड उभा करतात. महाराज सिंहासनावर, आणि पहारेकरी मावळा बुरुजापेक्षा उंच. तळ्यात प्लास्टिकचं बदक असतं, ते गडावरच्या तोफेच्या दुप्पट. उतारावर अळीव पेरलेले असतात, ते उगवले की मापाने साग होतात. पण दोन दिवसांत किल्ला पुरा होतो, पणती लागते, आणि आळीतली माणसं बघायला येतात. "माप काय धरलंत?" असं विचारणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. अन् तीच पोरं चाळिशीला आली, हातात पगार आला, की विमानाचं खोकं उघडायला घाबरतात! कारण मधल्या काळात त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं, की वाईट करण्यापेक्षा न केलेलं बरं.

राग त्याचा आहे. आमच्यासारखी माणसं दिवसभर काय करतात? पडद्यावरचे आकडे या रकान्यातून त्या रकान्यात नेतात. संध्याकाळी घरी येऊन "आज मी हे केलं" म्हणून टेबलावर ठेवावी अशी एकही वस्तू आमच्याकडे नसते. अशा माणसाला वाटलं, की आपल्या दहा बोटांनी काहीतरी एक पुरं करावं. तर त्याच्या हातात वस्तूंची यादी देणारा माणूस मला छंदाचा मित्र वाटत नाही.

एअरब्रशशी माझं वैर नाही. त्याने रंग तलम बसतो, हे डोळ्यांना दिसतं. ज्याची दहा विमानं झाली त्याने तो खुशाल घ्यावा. माझं म्हणणं पहिल्या विमानापुरतं आहे. आणि नवख्याला खरोखर जे सांगायला हवं, ते ही मंडळी सांगतच नाहीत, कारण ते फारच साधं आहे. भाग चौकटीतून पिरगाळून तोडू नका. नेलकटर चालतं, थोडं अंतर राखून कापा आणि उरलेला खुंट झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. (घरातलं नेलकटर नेलंत तर जागेवर ठेवा. हा छंद बंद पडण्याचं दुसरं मोठं कारण नेलकटर आहे.) भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. प्लास्टिकचा खास डिंक मिळतो, तो प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून थेंबभरच पुरतो, आणि म्हणूनच खिडकी उघडी ठेवायची. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण मात्र त्याने किंवा झटपट चिकटणाऱ्या डिंकाने लावू नका, काच धुरकटते. तिथे आपला शाळेतला पांढरा फेव्हिकॉल. वाळला की दिसतही नाही. जोड वाळेपर्यंत धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे आणि नोटांच्या गड्डीचे रबरबँड. रंग पाण्यात मिसळणारा घ्या, पातळ करा, आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्या, मध्ये वाळू द्या. चिन्हं कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवून कागदावरून सरकवा, नखाने उचलू नका. पुढे नाकाखाली चाक असेल आणि कागदावर नाकात वजन घाला असं लिहिलं असेल तर घाला, नाहीतर विमान शेपटीवर बसतं.

एवढंच. याला तीन पुस्तकं लागत नाहीत. दोन रविवार लागतात, आणि जेवणाच्या टेबलावर पसरायला एक वर्तमानपत्र.

एक नियम मात्र कडक पाळा. शेवटचं चिन्ह वाळेपर्यंत जाणकाराला घरी बोलावू नका. वाळल्यावर जरूर बोलवा. आमच्या कॅशियरने गेल्या महिन्यात तेच केलं. एअरफिक्सचं नॅट त्याने अखेर उघडलं, ब्रशने रंगवलं, वडिलांच्या टेबलावर ठेवलं, आणि त्याच जाणकारांना चहाला बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, विमान नाकाशी धरलं आणि म्हणाले, "हे टी.१ आहे. शिकाऊ वैमानिकांचं, दोन माणसांचं. ब्रिटिशांचे रेड अ‍ॅरोज उडवायचे ते. सेखोंचं एकट्याचं होतं, एफ.१."

"हो का?" वडील म्हणाले, आणि विमान त्यांच्या हातातून अलगद काढून घेऊन पुन्हा टेबलावर ठेवलं. "चहात साखर किती घेता तुम्ही?"